ऑइलकाका

मिनियापोलिसच्या मराठी मंडळींत कुणी नवा आला, की बाकीचे त्याला गाव विचारतात, कंपनी विचारतात, ग्रीन कार्ड कुठवर आलं तेही आडून आडून विचारतात. ऑइलकाका एवढंच विचारतात, "गाडीत ऑइल कुठलं?"

यावर नवा माणूस "बघावं लागेल" म्हणाला की संपलं. पान वाढलेलं असो की आरती चालू असो, काका त्याला पार्किंगमध्ये नेतात, बॉनेट उघडायला लावतात, डिपस्टिक ओढून टिशूपेपरवर टेकवतात, डाग उजेडात धरतात आणि म्हणतात, "मिनरल दिसतंय. हिवाळा कसा काढणार तू?" मिनरल की सिंथेटिक, हे नुसत्या डोळ्यांनी कुणालाच ओळखता येत नाही. पण काकांसमोर हे बोलणार कोण?

काका एका विमा कंपनीत हिशेब बघतात. स्वयंपाकघरातलं तेल शेंगदाण्याचं की सूर्यफुलाचं, हे त्यांना सांगता येणार नाही. गाडीतलं मात्र तारीख, मैल आणि फिल्टरच्या नंबरासकट वहीत लिहिलेलं असतं.

त्यांच्याशी वागण्यातला मोठा त्रास असा, की ते बोलतात ते बरोबर असतं. "पुण्यात डिसेंबरात खोबरेलाची बाटली थिजते ना? तसंच हे," अशी सुरुवात होते. खनिज तेल कितीही शुद्ध केलं तरी त्यात थोडं मेण उरतं. कडाक्याच्या थंडीत त्या मेणाचे स्फटिक होतात, ऑइल घट्ट होतं, पंपाला ते ओढवत नाही आणि सुरुवातीला इंजिन जवळजवळ कोरडंच फिरतं. कारखान्यात रेणू जुळवून केलेल्या पीएओ जातीच्या सिंथेटिकमध्ये हे मेणच नसतं. थंडीत इंजिन फिरवण्याची 5डब्ल्यू-30 ऑइलची परीक्षा उणे 30 अंश सेल्सिअसला घेतात, 0डब्ल्यू-30 ची उणे 35 ला. तापल्यावर दोन्ही एकाच श्रेणीत बसतात. तरीही एखादा म्हणतोच, "झिरो पातळ असतं, इंजिन झिजतं." मग काका सगळं पहिल्यापासून सांगतात, आणि त्या माणसाकडे बाकीचे वर्षभर रागानं बघतात.

भारतातून पाहुणे आले की लोक त्यांना डुलुथला लेक सुपीरियर दाखवायला नेतात. काकाही नेतात, पण पूल ओलांडून विस्कॉन्सिनातल्या सुपीरियर गावात. लढाऊ विमानं चालवलेल्या अल अमाटुझिओंनी जेट इंजिनांतलं सिंथेटिक पाहून गाड्यांसाठीही तसंच ऑइल काढायचं ठरवलं आणि 1972 मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या कसोटीला उतरलेलं पहिलं सिंथेटिक मोटार ऑइल आणलं, त्यांची कंपनी तिथं आहे. पाहुणे विचारतात, "आणि सरोवर?" काका म्हणतात, "ते काय, येताना दिसलंच की."

काकांच्या आयुष्यात दुःखही आहे. त्याचं साल 1999. कॅस्ट्रॉलच्या जाहिरातींबद्दल मोबिलनं तक्रार केली आणि जाहिरातींच्या पंचांनी निकाल दिला, की खनिज तेलावरच जबर प्रक्रिया करून केलेल्या ग्रुप थ्री तेलालाही सिंथेटिक म्हणायला हरकत नाही. तेव्हापासून डब्यावरच्या 'फुल सिंथेटिक'वर काकांचा विश्वास उरलेला नाही. दुकानात ते डबा उलटा करून भिंगानं वाचत बसतात. काकू तोवर अख्ख्या महिन्याचं सामान भरून येतात.

आणि दुप्पट किमतीचं 0डब्ल्यू-30 सिंथेटिक पिऊन काकांची गाडी राहते कुठं? घराला लागून असलेल्या, हीटर लावलेल्या गॅरेजमध्ये. ऑफिसचं पार्किंगही तळघरातलं. शेजारच्या नॉर्वेजियन वंशाच्या आजोबांची जुनी गाडी मात्र रात्रभर उघड्यावर असते, पोटात साधं 5डब्ल्यू-30 आणि इंजिन ऊबदार ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरची वायर भिंतीतल्या प्लगला.

30 जानेवारी 2019 ला ध्रुवाकडची थंडी खाली उतरली. शाळा बंद झाल्या, घराबाहेर पडू नका असा इशारा आला. काकांनी आदल्या रात्री मुद्दाम गाडी बाहेर काढून ठेवली. टीव्हीवाले वारा धरून उणे पन्नासच्या आसपास म्हणायला लागले तेव्हा काका करवादले, "इंजिनाला वारा झोंबत नाही! हवेचं खरं तापमान सांगा!" खरं तापमान उणे 33 निघालं. सकाळी गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली, तरी काका पडेल चेहऱ्यानं आत आले. परीक्षा उणे 35 ची, दोन अंश कमी पडले होते. तेवढ्यात आजोबांचीही गाडी सुरू झाली. "हीटर लावून काय, कुणीही करेल," काका म्हणाले आणि त्यांनी वहीत आपल्याच गाडीची नोंद केली.

परवा मंडळातल्या एका पोरानं इलेक्ट्रिक गाडी घेतली. सगळ्यांच्या मनात तेच आलं: आता काका काय करणार? पेढा देताना पोरगंही जरा मिजाशीत म्हणालं, "काका, हिला इंजिनच नाही. ऑइलची भानगडच नको."

काकांनी पेढा शांतपणे संपवला. हात पुसले.

"मोटरच्या पुढं रिडक्शन गिअर असतो ना रे? तो कशात बुडालेला असतो?"

"बघावं लागेल," पोरगं म्हणालं.

"चल," काका म्हणाले, "पार्किंगमध्ये."