एका नाण्याचे बापू

बापूंना आहे तिथून पुढे जाणं मान्यच नाही. बिघडलं, की पहिल्यापासून. रंगात येऊन ते एखादा किस्सा सांगत असतात, तेवढ्यात वहिनी विचारतात, "चहा टाकू का?" बापू "टाक" म्हणतात आणि किस्सा पुन्हा "तर झालं काय" पासून सुरू करतात. गेल्या गणपतीत कुणीतरी आरतीचं कडवं चुकवलं. बापूंनी हात वर करून टाळ थांबवले आणि घरभर जमलेल्या मंडळींना पहिल्या ओळीवर आणून उभं केलं. कापूर विझला, मोदक गार झाले, पण आरती बिनचूक झाली.

या स्वभावाचं मूळ पत्रिकेत शोधू नये. ते १९८७ सालात आहे. त्या साली आयरेम या जपानी कंपनीने 'आर-टाइप' नावाचा गेम काढला. बापू राहतात टोकियोत, निशिकसाईला, जिथे आपली बरीच मराठी मंडळी आहेत. रविवार उजाडला की ते तोझाई लाइन पकडून ताकादानोबाबाला जातात. तिथलं 'मिकाडो' हे गेम सेंटर जुन्या मशीनांसाठी नावाजलेलं. कुणी चौकशी केली तर वहिनी सांगतात, "हे वारीला गेलेत."

गेम दिसायला साधा. आर-९ नावाचं एक इवलंसं यान डावीकडून उजवीकडे निघालेलं आणि समोरून बायडो नावाची परग्रही पिलावळ अंगावर येणारी. एक गोळी लागली की खलास. मग यान मागे नेऊन ठेवतात, तेही कमावलेली सगळी शस्त्रं काढून घेऊन. सगळे जीव संपले की मशीन उलटे आकडे मोजत विचारतं, आणखी एक नाणं टाकून पुढे जाणार का? बापू त्या आकड्यांकडे, उसने पैसे मागायला आलेल्या मेव्हण्याकडे बघावं तसं बघतात आणि शून्य होईपर्यंत तोंडातून चकार शब्द काढत नाहीत. शंभर येनचं एक नाणं, त्यात जेवढं होईल तेवढं. पुढचं नाणं पडतं ते पहिल्या टप्प्यासाठी.

त्यांचं खेळणं बघण्यासारखं असतं. आधी स्टुलावर रुमाल अंथरतात, मग घड्याळ काढून खिशात ठेवतात. पहिल्या टप्प्याच्या शेवटी डॉबकेराटॉप्स नावाचा, शेपटी फिरवणारा अक्राळविक्राळ प्राणी बसलेला असतो. बापू त्याला प्रेमाने 'डॉब्या' म्हणतात. डॉब्याच्या पोटातून आणखी एक तोंड बाहेर डोकावतं, घाव तिथेच घालायचा. यानाच्या नाकाला 'फोर्स' नावाचा गोळा जोडलेला असतो, त्याला कशानेही इजा होत नाही. बापू तो सोडून थेट त्या तोंडावर नेऊन भिडवतात, बटण दाबून तोफ भरतात, खालची पट्टी काठोकाठ झाली की बोट उचलतात. वर समालोचन चालूच. "आता मागून येतील बघा." येतात. "आता वर सरका." सरकलो नाही तरी मीच मेल्यासारखा दचकतो. "अहो, हा हाताचा खेळ नाही," बापू म्हणतात, "पाठांतराचा आहे."

जेवणाच्या रांगेत मात्र ते कोनामीचा 'ग्रेडियस' खेळतात. १९८५ सालच्या या गेममध्ये एकेक कॅप्सूल गोळा केली की पट्टीवरची खूण एक घर पुढे सरकते: वेग, क्षेपणास्त्र, डबल, लेझर, ऑप्शन. हव्या त्या घरावर खूण आली की बटण दाबायचं. घाई करणाऱ्याच्या पदरी नुसता वेग पडतो. मंडळाच्या जेवणात बापू कोशिंबीर सोडतात, पुरी सोडतात, बटाट्याची भाजी सोडतात आणि रिकामं ताट घेऊन थेट श्रीखंडापाशी थांबतात. "पहिल्याच घरावर दाबून कसं चालेल?"

हाच ग्रेडियस फॅमिकॉम या घरी खेळायच्या मशीनवर आणताना, १९८६ साली, कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतोंना तो तपासता तपासता झेपेना. म्हणून त्यांनी एक चोरवाट ठेवली: वर वर, खाली खाली, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, बी, ए. शस्त्रं आयती हातात. पुढे 'कॉन्ट्रा'त याच खुणेने ३० जीव मिळाले आणि ती जगभर झाली. हा विषय निघाला की बापूंचा चहा निवतो. पण सुपर फॅमिकॉमवरच्या 'ग्रेडियस ३'मध्ये हीच जुनी खूण जशीच्या तशी दाबली तर यान जागच्या जागी फुटतं. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर कीर्तनकाराचं समाधान असतं. "करावे तसे भरावे!"

एका रविवारी शेजारच्या मशीनवर एक कॉलेजचा पोरगा आर-टाइप खेळत होता. मरत होता, नाणं टाकत होता, पुन्हा मरत होता. बापू प्रत्येक नाण्याला "शिव शिव" म्हणत होते. शेवटी पोरगा आठव्या टप्प्याच्या पार गेला. बापूंनी चटकन डोळ्यांवर रुमाल धरला.

"अहो बापू, बघा तरी शेवट कसा आहे!"

"मिळवलेला नसताना कसा बघू?"

आर-टाइपची गंमत अशी, की आठ टप्पे जिंकणाऱ्यालाही तो पुन्हा पहिल्या टप्प्यावर आणून सोडतो, तेही आणखी अवघड करून. पोराला त्यात रस नव्हता. तो दप्तर उचलून चालता झाला. यान तसंच एकटं निघालेलं. मी म्हटलं, "बसा की. फुकट आहे, जीवही शिल्लक दिसतात."

बापूंनी यान आपटून संपेपर्यंत वाट पाहिली, मग खिशातून स्वतःचं नाणं काढलं.

"उष्टं खेळत नाही मी."