हनुवटी खाली

करमाडात जालना रोडला लागून जे फोटो स्टुडिओ आहेत, त्यांतल्या एकाचे मालक स्वतःला फोटोग्राफर म्हणवून घेत नाहीत. "आपण पोर्ट्रेट करतो," असं ते सांगतात. गावाला हा शब्द जड जातो, म्हणून गाव त्यांना हनुवटीभाऊ म्हणतं. कारण त्यांच्या स्टुलावर बसणारा शेंद्र्याच्या कंपनीच्या गेटपाससाठी आलेला असो की लग्नाच्या बायोडेट्यासाठी, पहिलं वाक्य ठरलेलं : "हनुवटी खाली. अजून जरा. आता एवढी नको."

गिऱ्हाईक आलेलं असतं दोन मिनिटांच्या कामाला, बाहेर बस उभी असते. भाऊ मात्र दिव्याभोवती फिरत असतात. त्यांचा सगळा जीव एका त्रिकोणात अडकलेला आहे. दिवा चेहऱ्याच्या बाजूला पंचेचाळीस अंशांवर, डोळ्यांहून वर ठेवला की नाकाची सावली उतरत गालाच्या सावलीला मिळते आणि अंधारातल्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो. तो डोळ्याहून रुंद नको, नाकाहून लांब नको. डच चित्रकार रेम्ब्रांट सतराव्या शतकात माणसं अशा उजेडात रंगवायचा, म्हणून याला रेम्ब्रांट लाइट म्हणतात. भाऊंनी हे सगळं एका शेतकऱ्याला हातवारे करून समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "रेम्ब्रांट जालन्याच्याच कंपनीचं ना? एकरी किती क्विंटल उतरतं?"

हा त्रिकोण सापडेपर्यंत भाऊंनी बऱ्याच शैली पालथ्या घातल्या. सुरुवातीला मागे ताजमहालाचा पडदा होता. वीसेक किलोमीटरवर बीबी का मकबरा असताना ताजमहाल कशाला, असं कुणी विचारलं की भाऊ म्हणत, "मकबरा लोकांनी पाह्यलेला ऱ्हातो. चुका काढतेत." मग रोलच्या जमान्यात एकाच फ्रेमवर दोनदा एक्स्पोजर देऊन डबल रोलचे फोटो सुरू झाले : खुर्चीत बसलेलाही तोच आणि खुर्चीमागे उभाही तोच. एका आजोबांनी हा फोटो परत केला. "वाटणीत एक हिस्सेदार वाढंल," म्हणाले. पुढे कॉम्प्युटर आला आणि पंचक्रोशीतल्या नवरदेवांमागे बर्फाचे डोंगर उगवले. मग केव्हातरी रात्री मोबाइलवर रेम्ब्रांट भेटला. डोंगर वितळले.

आपला वारसा भाऊ थेट राजा दीनदयाळांशी जोडतात. दीनदयाळ सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार, आणि करमाडही तेव्हा निजामाच्याच राज्यात. "सरकार एक, म्हंजी उजेडबी एकच," हा भाऊंचा युक्तिवाद. दीनदयाळांनी १८९२ मध्ये हैदराबादेत बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला होता आणि तो एका इंग्रज बाईकडे सोपवला होता. भाऊंकडेही तो विभाग आहे. पडद्याआड, गॅसच्या शेगडीशेजारी. तो वहिनी सांभाळतात.

भाऊंचे शत्रू दोन. पहिला मोबाइल. "हातभर अंतरावरून काढला की नाक जवळ पडतं, कान लांब. मग नाकच दिसतं," हे ते खरंच सांगतात. त्यावर उपाय म्हणून ८५ एमएमची लेन्स लावून दोन-तीन मीटर मागे सरकायचं, म्हणजे चेहरा मापात येतो. पण गाळा एवढासा. म्हणून भाऊ मागे सरकत सरकत दारातून बाहेर ओट्यावर येतात आणि तिथून नेम धरतात. नेमका तेव्हाच ट्रक हॉर्न देतो. करमाडातले काही लोक फोटोत कायमचे दचकलेले आहेत, ते यामुळे.

दुसरा शत्रू फॉर्म. मागे पांढरा पडदा, चेहऱ्यावर सावली नको, दोन्ही कान दिसले पाहिजेत, फाइल पन्नास केबीच्या आत. म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखे दिवे लावायचे, नाहीतर सावलीकडे थर्माकोल धरायचा आणि माणूस सपाट करायचा. भाऊ हे काम करतात, पण प्रिंट देताना तोंड फिरवून देतात. भरतीच्या एका पोराला त्यांनी न विचारताच त्रिकोण दिला आणि त्याचा फॉर्म परत आला. पोराचे वडील भांडायला आले तर भाऊ म्हणाले, "साहेबाला कला कळत नाही, त्याला मी काय करू?"

भाऊंचं दैवत म्हणजे कॅनडाचा यूसुफ कार्श. त्यानं ३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावात चर्चिलच्या तोंडातला सिगार अचानक काढून घेतला. चर्चिल चिडला, कार्शनं बटण दाबलं आणि तो फोटो जगभर गेला. हे वाचल्यापासून भाऊंचा हात शिवशिवत होता. एके दिवशी स्टुलावर बसून तंबाखू मळणाऱ्या पाटलांच्या हातातून त्यांनी चंची ओढली. पाटलांनी चंची परत घेतली आणि कॅमेराही घेतला. आवाज वाढला. तेवढ्यात पडद्याआडून वहिनी म्हणाल्या, "दादा, चहा टाकलाय. साखर चालती ना?"

पाटलांचा चेहरा उतरायचा तो उमलला. त्यांनी कॅमेरा परत केला, पडद्याकडे पाहून "अर्धी," म्हणाले, आणि भाऊंनी बटण दाबलं. तो फोटो आज दर्शनी काचेत लावलेला आहे. बघायला माणसं थांबतात.

कार्शनं हिसकावून घेऊन जे साधलं, ते वहिनी देऊ करून साधतात. कॅमेरा आहे हे माणूस क्षणभर विसरतो, तेवढाच क्षण पोर्ट्रेटला लागतो. गावाला हे केव्हाच कळलंय. लोक स्टुलावर बसण्याआधी हळूच विचारतात, "वहिनी हायेत ना घरी?" भाऊ मात्र अजूनही सगळं श्रेय पंचेचाळीस अंशांना देतात.

मध्यंतरी वहिनी माहेरी, भोकरदनला गेल्या. त्रिकोण जागच्या जागी, हनुवट्या खाली, आणि काचेत लागलेली नवी माणसं सगळी पोलिसांनी धरून आणल्यासारखी. कुणीतरी विचारलंच, "भाऊ, ही काय तऱ्हा?"

भाऊ लेन्स पुसत म्हणाले, "शैली बदललीय. मोठ्या कलावंताचा एक उदास कालखंड असतोच."

"कव्हापर्यंत चालंल हा?"

"सोमवारपर्यंत. दुपारच्या गाडीनं येतीय ती."