आज रोख, उद्या नगरसेवक

चोपडा घ्या, सांगोला घ्या, नाहीतर खामगाव. एसटी स्टँडवरून बाजारपेठेत शिरलं की ज्या दुकानापुढे सळईचे भारे, पत्रे आणि पाण्याच्या काळ्या टाक्या थेट रस्त्यावर आलेल्या दिसतात, ते अण्णांचं दुकान. अण्णांना नाव आहे, पण ते मतदारयादीत आणि सातबाऱ्यावर. गावाला ते अण्णाच. गल्ल्यामागे लक्ष्मीचा फोटो, फोटोखाली ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी आणि पाटीखाली उधारीची लाल वही. पाटी गिऱ्हाइकासाठी, वही धंद्यासाठी.

अशा माणसाला राजकारणाची बाधा का होते, याचं गावात ठरलेलं उत्तर आहे : पैसा झाला, आता मान पाहिजे. मला ते पटत नाही. मान होताच. अण्णा पतसंस्थेचे संचालक होते, देवस्थानच्या पंचांत होते, कुणाच्याही लग्नात त्यांची जागा पुढच्या सोफ्यावर. त्यांना राजकारणात ओढलं ते नगरपालिकेतल्या एका लाकडी बाकाने. दुकानापुढचा माल अतिक्रमणात निघाला, पथक ट्रॅक्टर घेऊन आलं आणि चार टाक्या उचलून घेऊन गेलं. अण्णा प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसले. दोन तास बसले. तेवढ्यात वॉर्डाचे नगरसेवक आले आणि शिपायाकडे न बघता दार ढकलून आत गेले. या नगरसेवकांकडे अण्णांची २८ हजारांची उधारी होती, घराच्या स्लॅबची. आपल्या सळईखाली झोपणारा माणूस आपल्याआधी आत जातो, हे काही अण्णांच्या हिशेबात बसेना. त्या दिवशी ते टाक्या न सोडवताच घरी आले आणि म्हणाले, “उभं राहायचं.” काकूंना वाटलं, कंबर धरली असेल.

२०१६ साल होतं. अण्णांनी शहर विकास आघाडीकडून अर्ज भरला. छोट्या गावात पक्ष नंतर येतो, आधी आघाडी असते. निवडून आल्यावर कुणाचं उपरणं गळ्यात घालायचं ते बघता येतं. अण्णा रंगाचंही शेडकार्ड ठेवत असल्यामुळे या बाबतीत ते कधीच अडले नाहीत.

मुहूर्त मात्र असा निघाला की दुष्मनालाही लाभू नये. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या आणि २७ तारखेला पहिल्या टप्प्याचं मतदान. बाकीच्या उमेदवारांना पैसे वाटायचे कसे याची चिंता, अण्णांना पैसे घ्यायचे कसे याची. कारण ९ तारखेला दुकानाचं शटर वर गेलं तेव्हा बाहेर रांग होती. सहा-सहा वर्षं ज्यांनी तोंड दाखवलं नव्हतं ते बुडवे जुन्या नोटा घेऊन हजर. “अण्णा, तुमचं देणं डोक्यावर नको बाबा.” एरवी अण्णांनी रांगेला पिटाळून लावलं असतं. पण रांग म्हणजे मतदार. एकेक नोट घेत, एकेकाला नमस्कार करत अण्णांनी आयुष्यातली सर्वांत मोठी वसुली केली आणि मग त्या नोटांचं काय करायचं या विवंचनेत प्रचार केला. पतसंस्थेला जुन्या नोटा बदलून देता येत नव्हत्या. नगरपालिका मात्र घरपट्टीत घेत होती. अण्णांनी स्वतःची, भावाची, साडूची आणि बंद पडलेल्या गोडाऊनची घरपट्टी थकबाकीसह भरून टाकली. विरोधकांनी पत्रक काढलं : ‘निवडणूक आली की कर आठवतो!’ अण्णा निवडून आले. प्रभाग दोन सदस्यांचा होता, त्यामुळे जोडीदारही अण्णांच्याच जीपमध्ये बसून आला आणि डिझेलचा अर्धा वाटा आजतागायत देतोय.

आता एक गोष्ट अण्णांच्या बाजूने सांगितली पाहिजे. कुठल्या गल्लीत किती इंची पाइप आहे, हे पालिकेच्या अभियंत्यापेक्षा अण्णांना जास्त ठाऊक. पाइप त्यांनीच विकलेला. पहिल्या सर्वसाधारण सभेत अध्यक्ष नेहमीप्रमाणे ‘विषय क्रमांक चार... मंजूर, पाच... मंजूर’ असे धावत असताना अण्णा मध्येच उठले आणि विचारलं, “ही १२ एमएमची सळई कुठल्या गावच्या भावाने धरलीय?” सभागृह गप्प. मुख्याधिकाऱ्यांनी चष्मा काढला. ठेकेदाराच्या बिलाला तीन महिने घाम फुटला होता. चौथ्या महिन्यात ठेकेदाराने सळई साडूच्या दुकानातून घ्यायला सुरुवात केली आणि अण्णांचे भावाविषयीचे प्रश्न थांबले. पालिकेच्या कामात नगरसेवकाचा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध निघाला तर पद जातं, हे १९६५ च्या कायद्यात आहे. साडू कशात मोडतो ते अण्णांनी वकिलाला विचारलं नाही. काही प्रश्न विचारले की फी लागते.

पण फायदा एवढाच. खरा घाटा लाल वहीत होता. ज्या माणसाची वसुलीबद्दल पंचक्रोशीत ख्याती होती, त्याला आता कुणाकडेच पैसे मागता येईनात. मागितले की समोरून, “अण्णा, घरात सात मतं आहेत.” सकाळी सहाला फोन : गटार तुंबलंय. साडेसहाला : नळाला गढूळ पाणी. सातला : कुत्रं चावलं, दवाखान्यात या. दहाव्याला जायचं, बारशाला जायचं, जिथे जाऊ तिथे दोन शब्द बोलायचे. एकाच दिवशी एक वास्तुशांत आणि दोन दहावे झाले, तेव्हा शेवटच्या श्रद्धांजलीत अण्णांनी हात जोडून म्हटलं, “मयतांचं असंच सहकार्य यापुढेही लाभो.” मंडळींनी गंभीरपणे माना हलवल्या. मतदारयादी ज्यांनी पाहिलीय त्यांना त्यात वावगं वाटायचं कारणही नव्हतं.

मुदत संपली, निवडणूक लांबली आणि पालिकेवर प्रशासक आला. त्या काळात अण्णांसारख्यांचे हाल कुणी लिहिलेले नाहीत. पद गेलं, खर्च तसाच. मंडळाची वर्गणी, क्रिकेटची ट्रॉफी, नवरात्रात ‘खेळ पैठणीचा’. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ‘माजी’ लिहायला जीव होईना म्हणून ‘भावी’ लिहिलं, आणि ते चार वर्षं भावीच राहिलं.

अखेर २०२५ च्या डिसेंबरचा मुहूर्त लागला आणि सोडतीत जागा महिलेसाठी राखीव निघाली. अण्णा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकूंचा अर्ज भरला. फ्लेक्सवर काकूंचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा, अण्णांचा दरवाजाएवढा. अण्णांचा अंदाज असा की काकू नुसता नमस्कार करतील, बोलायचं ते आपण. एक गोष्ट ते विसरले : ते राजकारणात असताना नऊ वर्षं गल्ल्यावर कोण बसत होतं? पहिल्याच दारात काकूंनी हळदीकुंकवाचं बोट पुसलं आणि म्हणाल्या, “मत कुणालाही द्या भावजी, पण गेल्या शिमग्यापासूनचे पत्र्याचे सोळा हजार राहिलेत.” अण्णांनी डोळे मिटले. काकू पुढच्या दाराकडे. वही त्यांच्या पर्समध्ये होती.

२ डिसेंबरला मतदान झालं आणि कोर्टाच्या आदेशाने मोजणी २१ तारखेवर गेली. तोवर कार्यकर्ते स्ट्राँगरूमवर पहारा देत बसले, चहा आणि वडापाव अण्णांच्या खात्यावर. मोजणीत काकू अण्णांच्या तिप्पट मतांनी निवडून आल्या. बायका म्हणे मतदानकेंद्रावर एकमेकींना सांगत होत्या, हिला कुणी फसवायचं नाही.

परवा ठेकेदार आला. टेम्पो उभा केला, दोन टन सळई मोजायला सांगितली आणि सवयीने म्हणाला, “बिल निघालं की देतो, वहिनी.” काकूंनी कॅल्क्युलेटर त्याच्यापुढे सरकवला, पाटीकडे बोट दाखवलं. त्याने आशेने अण्णांकडे बघितलं. अण्णा काट्यापाशी उभे होते. म्हणाले, “दे रे रोख. मला तरी घरात कुठे उधार मिळतंय?”