कोट ढिगातला, थाट घरचा

वऱ्हाडातल्या आठवडी बाजारात भाजीची ओळ संपून भांड्यांची सुरू होते, त्या मधल्या जागेत ताडपत्रीवर जुन्या कपड्यांचा एक ढीग असतो. तेल्हाऱ्यात नोव्हेंबर सरत आला की या ढिगापाशी एक ठरावीक माणूस उकिडवा बसलेला दिसू लागतो. वय चाळिशी ते साठीच्या मधलं, गळ्यात दुपट्टा, शेजारी वांगी आणि मेथीची जुडी असलेली पिशवी. नोकरी असेल तर पेन्शनीची, शेती असेल तर पोटापुरती. नवं घ्यायची ऐपत नाही असं मात्र मुळीच नाही. सोयीसाठी त्याला ढिगवाले भाऊ म्हणू. गाव त्याला चिकट म्हणतं. हा आरोप पुराव्यावर टिकत नाही, एवढंच मला सांगायचं आहे. भाऊ चिकट नाही. कुठे पैसा सोडायचा आणि कुठे धरायचा, हे त्याने गावच्या हवेकडे बघून ठरवलेलं आहे.

आधी हवाच घ्या. अकोला जिल्ह्याचं नाव आहे ते उन्हाळ्यासाठी. थंडी इथे पाहुणी, आणि पाहुणीही अशी की चहा घेऊन लगेच उठणारी. सातपुड्याच्या पायथ्यामुळे तेल्हाऱ्याला पहाटे जरा बोचतं, पण नऊ वाजले की तेच ऊन पाठीवर हात फिरवायला लागतं आणि दुपारी बाराला स्वेटर घातलेला माणूस आजारी समजला जातो. म्हणजे सकाळचे तीन तास आणि रात्री शेकोटीपाशी एक, असे दिवसाला 4 तास. डिसेंबर-जानेवारीचे 62 दिवस धरले तर 248 तास. सलग मोजली तर तेल्हाऱ्याची थंडी जेमतेम सव्वादहा दिवसांची. दीड हजाराचं नवं जर्किन घेणारा माणूस तासाला सहा रुपये भाडं भरतो. ढिगातून शंभरात उचलणाऱ्याला तोच तास चाळीस पैशांना पडतो. यावर कोणी म्हणेल की जर्किन काही एका हिवाळ्यात फाटत नाही, चार वर्षं चालतं. जर्किन चालतं, कबूल. पोट त्याच मापाचं राहतं का, हे ज्याने त्याने आरशात पाहून सांगावं.

शिवाय ढिगातून निवडणं हे दुकानात बोट दाखवण्याइतकं सोपं नाही. दुकानातला माल दुकानदाराने निवडलेला असतो, ढिगातला आपण निवडायचा. भाऊ आधी चेन तीनदा वरखाली करतो, मग कापड उन्हाकडे धरून विरलंय का पाहतो, काखेत नाक घालतो आणि सगळ्यात शेवटी, कोणाचं लक्ष नाही असं पाहून, खिशात हात घालतो. खिशात आजवर काही सापडलेलं नसतं, पण आशा सोडत नाही. मग भावाची बोली. “दीडशे काहून? बाही त बोटभर लांब हाय!” त्यावर विकणाऱ्याचं उत्तरही तयार असतं: “भाऊ, बाही लांब हाय म्हून त हात झाकते!” शेवटी सौदा शंभरावर तुटतो आणि दोघंही आपण फसवलं या आनंदात घरी जातात. जर्किनाच्या छातीवर बरेचदा कोरियन अक्षरं असतात. तालुक्यात ती कोणालाच वाचता येत नसल्यामुळे त्यावर काय लिहिलंय याबद्दल भाऊंना कोणी खोटं पाडू शकत नाही. ते ‘इंजिनियर’ असं लिहिलंय म्हणून सांगतात.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात दबक्या आवाजातला: हे मेलेल्या माणसांचे कपडे असतात. असतीलही. पण मेलेल्या बापाची पाच एकर सातबाऱ्यावर चढवून घेताना कोणाच्या अंगावर काटा आल्याचं ऐकिवात नाही. उलट दोन भाऊ त्यासाठी कोर्टात जातात. जमीन लागत नाही आणि कोट तेवढा लागतो, हे शास्त्र सोयीचं आहे. सोड्याचं कढत पाणी आणि दोन दिवसांचं वऱ्हाडी ऊन यातून जे वाचेल ते भूतच म्हणावं लागेल. दुसरा आक्षेप इभ्रतीचा, चारचौघांत कमीपणा येतो हा. आणि तो कुठे घेतला जातो? तर वऱ्हाडात, जिथे 1876 साली शेंडगावला जन्मलेल्या आणि मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात गुरं राखून वाढलेल्या गाडगेबाबांनी चिंध्यांची गोधडी पांघरून उभा महाराष्ट्र झाडून काढला. बाबांनी चिंध्या विरक्तीने पांघरल्या, हा गडी हौसेने घालतो. तुलना ताणलेली आहे हे मान्य. पण ज्या मुलखाने गोधडीच्या पाया पडून घेतलं, त्याने शेजाऱ्याच्या जुन्या कोटाला नाक मुरडू नये, एवढं तरी त्यातून निघतंच. शिवाय पुण्या-मुंबईची पोरं हेच कपडे ‘थ्रिफ्ट’ म्हणून मोबाइलवर मागवतात आणि वर फोटो टाकतात. तिथे त्याला आवड म्हणतात, तेल्हाऱ्यात परिस्थिती.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो कापूस पिकवणाऱ्या माणसाचा असल्यामुळे हसण्यावारी नेता येत नाही. सगळेच जुनं घालू लागले तर आमचा कापूस कोण घेणार? या तालुक्यातला कापूस जिनिंगमध्ये जातो, तिथून 170 किलोची गाठ होऊन बाहेर पडतो. त्याचं कापड कुठे झालं, ते कोणी घातलं आणि कधी टाकलं, ते इथे कोणाला कळत नाही. कळतं ते एवढंच की जुने कपडेही परत गाठी बांधूनच येतात. परदेशातले टाकलेले कपडे गुजरातेत कांडल्याला उतरतात, निवडले जातात. चिंध्यांचं पानिपतात पुन्हा सूत काढून ब्लँकेटं विणतात. गाठ गेली, गाठ आली, मधला पैसा मधल्यांचा. भाऊंच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की कापसाचा भाव त्यांच्या शंभर रुपयांनी पडत नाही आणि दीड हजारांनी चढतही नाही. शिवाय दुकानातलं ते नवं जर्किनही बहुधा पॉलिस्टरचंच असतं. त्यात वऱ्हाडाचं बोंड शोधायला भिंग लागेल. आणि बाही बोटभर कमी करायला, चेन बदलायला भाऊ जातात ते गावातल्याच शिंप्याकडे. तरीही हा आक्षेप पुरता मिटत नाही. एका सुती टी-शर्टामागे 2,700 लिटर पाणी लागतं, असा अंदाज भाऊ कुठूनतरी ऐकून खारपाणपट्ट्यातल्या पाहुण्यांना ऐकवतात. पण इथला बहुतेक कापूस पावसावरचा, असं कोणी म्हटलं की ते चहा मागवतात.

चिकटपणाचा आरोप खरा मोडतो तो रविवारी. वाचलेले चौदाशे रुपये जातात कुठे, हे पाहायचं तर वाण नदीच्या काठी वारी गावच्या मारुतीकडे जावं. झाडाखाली गोवऱ्यांचा आर केलेला असतो, त्यात जाड्या कणकेचे रोडगे फुगत असतात, बाजूला वांग्याच्या भाजीला तर्री आलेली, तुरीचं वरण, आणि तुपाचा डबा भाऊंचा. वर्गणी काढून तूप आणलं की रोडगा नुसता पुसला जातो. भाऊंच्या डब्यातून तो बुडतो. ज्वारीचा पेरा कमी झाल्यापासून हुरडा पूर्वीइतका सहज मिळत नाही, तरी कुठे मळ्यात कोवळी कणसं आहेत याची खबर पहिल्यांदा यांनाच असते. चिकट माणूस असा वागत नाही. चिकट माणूस नवं जर्किन घालून येतो आणि आपण वरण कमीच खातो म्हणून वर्गणीत वीस रुपये कमी देतो. अकराच्या सुमारास ऊन चढलं की भाऊंचा कोट बोरीच्या फांदीवर जातो आणि दिवसभर तिथेच राहतो. मग रोडगे आरातून काढून राख झटकायची वेळ येते, आणि कोणीतरी पोरगं हाताशी येईल ते फडकं ओढायला म्हणून त्या फांदीकडे वळतं.

“अबे थांब,” भाऊ तुपाचा डबा खाली ठेवून ओरडतात, “बारदाना तिकडे हाय. तो कोट हाय!”