नाही म्हणणारा गुरू हवा

तबला शिकायला मराठी माणूस रीतसर गंडा बांधतो. कुत्र्यांची पैदास करायला मात्र त्याला घरची एक कुत्री, शेजारच्या सोसायटीतला एक कुत्रा आणि ‘बाकीचं निसर्ग बघेल’ हा विश्वास एवढं भांडवल पुरतं. निसर्ग बघतो, हे खरंच. पण बुलडॉग काही निसर्गाने घडवलेला नाही. माणसाने हौसेने त्याचं डोकं एवढं मोठं करून ठेवलंय की त्याची बरीच पिल्लं सिझेरियननेच बाहेर काढावी लागतात. जिथे निसर्गाने हात टेकले तिथे गुरू लागतो, आणि त्याची पहिली खूण म्हणजे तो शिष्याला नाही म्हणतो. अठरा महिने पुरे झाल्याशिवाय कुत्री लावू नये, वर्षात एकाहून जास्त वेत नको, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकू नये, हे तर २०१७च्या केंद्रीय नियमांतच लिहिलंय. ते पाठ करायला गुरू कशाला? गुरू लागतो तो नियमांत नसलेलं सांगायला. लॅब्राडोरची सोयरीक जुळवताना चॅम्पियन आजोबांचा फोटो सगळेच दाखवतात. खुब्याचे एक्स-रे मागणारा आणि ‘हिची मावशी चौथ्या वर्षी आंधळी झाली, हे स्थळ नको’ असं तोंडावर सांगणारा विरळा.

यावर कोणी म्हणेल, आमच्या मराठवाड्यातल्या कारवान कुत्र्याला कुठे गुरू होता? कागदाचा चिटोरा नसताना ही जात टिकलीच ना? टिकली, पण तिची परीक्षा रानात व्हायची. सशामागे धाप लागून बसलेल्या कुत्र्याला कोणी कुत्री देत नसे. आता शिकारीला कायद्याने बंदी आहे आणि फ्लॅटमधला कुत्रा धावतो तो फक्त डबा उघडल्याच्या आवाजाला. परीक्षक गेला, उमेदवार तेवढे वाढले! दुसरी शंका जास्त व्यवहारी: जाणता ब्रीडर स्वतःच्या गल्ल्यावर धोंडा का पाडून घेईल? ज्याचा जीव गल्ल्यात आहे तो शिकवणार नाही, हे मान्य; त्याच्याकडून शिकूही नये. विकलेलं पिल्लू मालकाला नकोसं झालं तर कितीही वर्षांनी परत घेणारा माणूस मुळात धंद्याच्या दृष्टीने बिनडोकच असतो. गुरू म्हणून तोच गाठावा. त्याच्याकडे वर्षभर पिंजरे धुवा, पिल्लांची वजनं वहीत लिहा, आणि रात्री तीन वाजता अडलेली पहिली कुत्री त्याची बघा, तुमची नव्हे.