फास्टर फेणे बाप्या झाला!

"काकू, काल रात्री बारापर्यंत दिवा होता तुमच्याकडे. पाहुणे का?"

"छे गं! नातवानं 'फास्टर फेणे' सिनेमा लावून दिला. तो अमेय वाघचा, २०१७चा."

"अय्या, कसा वाटला?"

"अगं, आपला फुरसुंगीचा बन्या फेणे केवढा झालाय! मेडिकलच्या परीक्षेला पुण्यात येतो म्हणे. मग तो घोटाळा, खून... मी म्हटलं, विद्याभवन शाळेतलं पोर गेलं कुठे?"

"पण 'टॉक्' करतो ना?"

"करतो की. सायकलही आहे. पण मला सांग, भा. रा. भागवतांच्या पुस्तकात मजा कशाची होती? मोठी माणसं 'गप रे' म्हणायची आणि हे काडीपैलवान पोर चोर हुडकून आणायचं. कॉलेजातल्या बाप्यानं गुंड पकडले तर त्यात नवल ते काय? सगळेच हिरो पकडतात."

"तरी दूरदर्शनवरचा सुमीत राघवन शोभायचा हो. १९८७ ना? हिंदीत होती मालिका, पण आमची आई स्वयंपाक सोडून बसायची."

"तो कोवळा तरी होता! आमच्या ह्यांचं मत वेगळंच. म्हणे, तिकीट काढणारे आता तुझ्यासारखे केस पिकलेले. शाळकरी पोराला कोण बघायला जाणार? मी म्हटलं, मीच जाणार! पिकले केस म्हणून काय झालं?"

"म्हणजे आवडला नाही तर."

"असं कुठे म्हटलं मी? गिरीश कुलकर्णीचा तो खलनायक आप्पा... बाई गं! गोड बोलायला लागला की पोटात गोळा. आणि खुद्द भा. रा. भागवतांनाच गोष्टीत आणलंय. दिलीप प्रभावळकर झालेत. ते समोर आले नि मी चष्मा पुसायला घेतला. तेवढ्यासाठी पुन्हा बघेन."

"मग माझ्या लेकीला पुस्तकंच द्या ना आधी वाचायला. सिनेमा नंतर दाखवते."

"देईन. पण पलीकडच्या बिऱ्हाडात कळू देऊ नकोस. त्यांनी दोन नेलीत दिवाळीच्या आधी, आणि परवा विचारलं तर म्हणतात कशा, 'कुठली पुस्तकं?'"

"त्यांच्या शोकेसमध्ये बघितली मी!"

"बघितलीस? थांब, गॅस बारीक करून येते. कुठल्या कप्प्यात ते नीट सांग."