सहा किलोमीटरची भूक

जंगलात जायचं ठरलं की आमचे हे बूट शोधतात आणि मी डबा. यंदा ताडोबाला जायचं होतं. हवं तेव्हाचं आरक्षण मिळालं नाही आणि मंजूर झालेल्या रजेत आम्ही दोघं डोंबिवलीच्या घरात पंख्याकडे बघत बसलो. दुसऱ्या दिवशी यांना साक्षात्कार झाला, की दादरला गाडी बदलली की एक राष्ट्रीय उद्यान आपलंही आहे. मोकळे वाघ नसतील, पण बिबटे तर आहेत!

"आणि जेवण बोरिवलीत. थाळी," मी म्हणाले.

"मग डबा कशाला?"

प्रश्न रास्त होता. मी दशम्या केल्याच.

गेटपासून कान्हेरीची लेणी सहाएक किलोमीटर. बस जाते. बसकडे मी ज्या नजरेने पाहिलं ती ओळखूनही यांनी पाठीवरच्या पिशवीचे पट्टे आवळले. फेब्रुवारीतलं जंगल तसं उघडंबोडकं. मधूनच एखादी काटेसावर अंगावर एक पान नसताना लालभडक फुलून उभी. ती बघायला मी थांबायची आणि हे दहा पावलं पुढे. तीस वर्षं हे असंच चालतात. वळणावर माझ्यासाठी थांबतात, मी पोचले रे पोचले की "चल" म्हणून निघतात. म्हणजे दर वळणावर विश्रांती होते, पण ती एकट्या यांचीच.

कान्हेरीच्या पायऱ्यांपाशी बायका काकड्या, बोरं, आवळे घेऊन बसल्या होत्या. मीठ-तिखट लावलेली एक काकडी दोघांत घेतली आणि संसार पुन्हा बरा वाटू लागला. काळ्या बेसाल्टच्या एका डोंगरात शंभराहून जास्त लेणी, आणि त्यांच्याजवळ खडकातच खोदलेली पाण्याची टाकी. पावसाचं पाणी चर काढून त्यात आणलेलं. इथल्या शिलालेखांत कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांची दानं नोंदलेली आहेत. कल्याण म्हणजे आमच्या पुढचं दुसरं स्टेशन, त्यामुळे मला उगाच माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं. काही दानांत मुद्दलाला हात न लावता व्याजातून भिक्खूंच्या वस्त्रांचा खर्च करायची सोय आहे. तिला अक्षयनीवी म्हणत. आमचे हे बँकेत नोकरीला. ही व्याजाची सोय ऐकून यांनी पहिल्यांदा बूट सोडून लेण्याकडे पाहिलं.

"व्याजदर काय होता?"

नव्वद नंबरच्या लेण्यात 1009 आणि 1021 साली येऊन गेलेल्या पारशांनी पहलवीत आपली नावं कोरून ठेवली आहेत. भिंतीवर नाव कोरलं की रखवालदार शिट्टी मारतो. हजार वर्षं तग धरली की तोच शिलालेख होतो.

पण मी खरी रमले अकरा नंबरात, दरबार म्हणतात त्या लेण्यात. मधोमध समोरासमोर दोन लांबलचक, बुटके दगडी ओटे. वेरूळच्या पाच नंबरच्या लेण्यातही असेच आहेत. भिक्खू इथे बसून पाठ करत की जेवत, यावर अभ्यासकांची दोन मतं आहेत. माझं एकच आहे. सहा किलोमीटर चालून आलेल्या माणसाला तो ओटा पंगतीचाच दिसतो.

"दशमी काढ," हे हळूच म्हणाले.

"भिक्खूंना दुपारी बारानंतर जेवायची बंदी होती. आता सव्वाबारा झालेत."

खरी अडचण भिक्खूंच्या नियमाची नव्हतीच. बाहेरच्या कठड्यावर सात माकडं बसली होती आणि सातही जणांची नजर माझ्या पिशवीवर होती. चेनला हात लावला की पहिलं उठून उभं राहायचं. डबा पोटाशी धरून मी खाली उतरले, आणि परतीच्या बसमध्ये चढताना यांनी चालण्याचं नावही काढलं नाही.

या जंगलातल्या बिबट्यांबद्दल एक गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ते राहतात आत, पण कुत्र्यांच्या शोधात रात्री शहराच्या कडेला येतात. त्यांना लोक नावं ठेवतात. बस गेटबाहेर पडली तेव्हा मला त्यांचं सगळं पटलं. फिरायला जंगल, जेवायला बोरिवली.

थाळीवाल्याकडे मात्र आमच्यापुढे सतरा नावं होती. फुटपाथवरच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही पंचवीस मिनिटं सभ्यपणे काढली. सव्विसाव्या मिनिटाला यांनीच पिशवीची चेन उघडली. दशमी, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची फोड. शेजारच्या काकू "घरच्या का?" म्हणाल्या, त्यांनाही एक दिली. शेवटची दशमी संपली आणि आतून आमचं नाव पुकारलं.

पुढच्या पाऊण तासाबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. वाढपी प्रेमळ होता. ताटावर आडवा हात धरला तर तो बोटांच्या फटीतून फुलका सरकवायचा. तिसऱ्या वाटी आमरसाला यांनी फक्त डोळे मिटले, त्याला तो होकार वाटला.

बाहेर आलो. स्टेशन चालत जाण्याइतकंच होतं. मी सवयीने यांना दहा पावलं पुढे जाऊ दिलं, पण हे माझ्या शेजारीच उभे. मग हळूच यांचा हात वर गेला. रिक्षा थांबली.

"स्टेशन," हे म्हणाले.

रिक्षावाल्याने आधी रस्त्याकडे, मग आमच्या डोंगर चढायच्या बुटांकडे पाहिलं.

"एवढ्यासाठी?"